तांबडा कोळी आणि आपली तुळस



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत माझाही एक लेख असावा, असे चिटणीसबाईंनी सुचविले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणाले. लेख लिहिण्याइतके आपल्याला काय ठाऊक आहे, असे मनात आले. त्यावर त्या म्हणाल्या, "अहो, यंदा वैशाखात निम्म्या मंडळाच्या तुळशी वाळल्या. तुम्ही घरोघर जाऊन सगळ्यांना उपाय सांगता, तोच लिहून द्या की!"

उपाय म्हणाल तर दहा ओळींत मावतो. पण तो उपाय असाच का, आणि घाईघाईने दुसरे काही केले तर काय होते, हे कळायला थोडे मागे जावे लागते. ही गोष्ट आपल्या ओसरीवरून निघते आणि आसामचे चहाचे मळे, विलायतेतली काचगृहे, अमेरिकेतली जंगले असे फिरून पुन्हा आपल्या परभणीच्या कडुनिंबाखाली येऊन थांबते. म्हणून उपायाबरोबर त्याचा इतिहासही लिहीत आहे. वाचताना कंटाळा आला तर शेवटची दीड पाने तेवढी वाचावीत.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. आपण त्याला कीड म्हणतो, पण शास्त्राच्या दृष्टीने तो कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, याला आठ. कोळी आणि गोचीड यांच्या गोतावळ्यातला हा जीव असून शेतीच्या पुस्तकांत त्याला 'लाल कोळी' म्हणतात. लांबी फार तर अर्धा मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान. तो पानाच्या पाठीशी बसतो आणि सुईसारख्या तोंडाने पानातला रस शोषतो. पानाच्या वरच्या बाजूस आपल्याला नुसते बारीक पांढुरके ठिपके दिसतात. पुढे पान राखाडी, मग तांबूस होते. शेंड्याकडे रेशमासारखे बारीक जाळे दिसू लागले की कोळी फार वाढला असे समजावे. खात्री करायची असेल तर फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीला टिचकी मारावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर तो कोळीच.

कोरडी आणि उष्ण हवा त्याला मानवते. हवा तीस अंशांच्या आसपास असली की अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला आठवडाभर पुरतो, आणि एक मादी शंभराच्या घरात अंडी घालते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि वारा फुफाटा घेऊन येतो. कोळ्याला आणखी काय हवे? त्यातही घरात आणि गच्चीखाली ठेवलेल्या कुंड्यांचे हाल अधिक. अंगणातल्या झाडाला पावसाची सर धुऊन काढते, आणि कोळ्याला खाणारे इतर बारके जीवही तेथे वावरत असतात. दिवाणखान्यातल्या पामला किंवा खिडकीतल्या गुलाबाला पाऊस नाही आणि राखणदारही नाही. त्याला आपणच.

झाडांच्या दुखण्यांचा विचार आपल्या देशात फार जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. थंडी, वारा आणि ऊन यांनी झाडे आजारी पडतात, असे त्यात सांगून वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप करायला व दूधपाणी शिंपायला सांगितले आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी सुरपाल नावाच्या पंडिताने 'वृक्षायुर्वेद' हा ग्रंथ लिहिला. त्यात वावडिंग, मोहरी यांसारख्या जिन्नसांचा झाडांना धूप देण्याचे उपाय आहेत. या ग्रंथाचे हस्तलिखित विलायतेत ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात होते. त्याचे इंग्रजी भाषांतर १९९६ साली सिकंदराबादेहून प्रसिद्ध झाले आणि ते केले हैदराबादच्या संस्कृत विदुषी नलिनी साधले यांनी. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, तेव्हा हे काम आपल्या जुन्या राजधानीत एका विदुषीच्या हातून झाले, याचे मला विशेष वाटते. तान्ह्या बाळाला आपण वावडिंगाचे पाणी देतो. तेच वावडिंग पूर्वीचे लोक झाडालाही देत. लेकरू आणि झाड यांची काळजी एकाच बटव्यातून घेतली जाई.

पण हे उपाय सर्वच कृमिकीटकांसाठी होते. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कोळ्याला स्वतःचे नाव मिळाले ते युरोपात सूक्ष्मदर्शक आल्यानंतर. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली त्याला जे नाव दिले त्याचा अर्थ 'विणकर' असा होतो. आज जगभर रूढ असलेले नाव जर्मनीच्या कोखने १८३६ साली दिले, त्यात खाजकुइलीसारख्या एका आग्या झाडाचा उल्लेख आहे. त्या काळी विलायतेतले श्रीमंत लोक काचेच्या ऊबदार घरांत अननस, द्राक्षे आणि परदेशी फुले वाढवीत. बाहेर बर्फ असले तरी आत उन्हाळा; त्यामुळे कोळी तेथे बारा महिने सुखाने नांदे. तिथल्या माळ्यांनी दोन उपाय शोधले. एक म्हणजे पिचकारीने पानांच्या खालच्या बाजूस पाणी मारणे, आणि दुसरा गंधक. घर तापविण्याच्या नळांवर ते गंधकाचा लेप देत, म्हणजे त्याची वाफ सावकाश पसरे. आपल्या देशात आसामच्या चहामळ्यांत १८६८ साली याच जातकुळीतल्या लाल कोळ्याची नोंद झाली, आणि तो आजही चहाचा मोठा वैरी मानला जातो.

आणखी एक उपाय वाचून तर मला हसूच आले. १९१३ साली अमेरिकेच्या शेतीखात्याने एक पत्रक काढून, लाल कोळ्यावर पिठाची पातळ खळ फवारावी, असे सांगितले. खळ वाळली की तिच्या पापुद्र्यात कोळी चिकटून मरतो. लुगड्याला आणि धोतराला घालायची ती खळ! आमच्या आजीच्या हाताखाली हा उपाय आधीपासूनच चालू होता, आणि तिने तर कोणतेही पत्रक वाचलेले नव्हते.

माझे माहेर मानवतचे. आमचा वाडा माळवदाचा, मधल्या चौकात दगडी तुळशीवृंदावन, आणि ओसरीच्या कडेला फुटक्या माठांत व तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली अबोली, मोगरा, शेवंती. उन्हाळा लागला की आजी पहाटे आडाचे पाणी शेंदून घेई आणि मला कडेवरची कळशी धरायला लावून स्वतः ओंजळीने झाडे धुई. मी वरून पाणी ओतू लागले की रागवे. "पोरी, पानाचं तोंड काय धुतीस? पाठ धू. लपणारं सगळं पाठीमागंच लपतं." कपड्यांची खळ उरली तर ती पाणी घालून पातळ करी आणि जाळे धरलेल्या फांदीवर शिंपडी, आणि तिसऱ्या दिवशी धुऊन टाकी. फारच बिघडलेली फांदी खुडून चुलीत घाली. 'कोळी' हा शब्द तिला ठाऊक नव्हता. ती म्हणे, "झाडाला झळ लागली." नाव चुकीचे असले तरी उपचार बरोबर होता.

याच सुमारास जगात एक मोठी घडामोड होत होती. १९३९ साली स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांना डी. डी. टी. या पदार्थाचा कीटकनाशक गुण सापडला. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैनिकांना उवांपासून आणि डासांपासून वाचविले. १९४८ साली म्युलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी, १७ सप्टेंबरला, आपला मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला होता. पुढे १९५३ मध्ये भारत सरकारने हिवतापाच्या नियंत्रणाची देशव्यापी मोहीम काढली आणि १९५८ पासून हिवताप समूळ काढण्याचे ठरविले. दिल्लीस डी. डी. टी.चा सरकारी कारखानाही निघाला.

या औषधाचे उपकार मी नाकारणार नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज सांगतात. १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या लाखावर आली. घरोघर थंडीने कुडकुडणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत, म्हणून या आकड्यांचा अर्थ मला कळतो. फवारणीवाले आले की आम्ही भांडीकुंडी चौकात काढून ठेवीत असू. ते खोल्यांच्या भिंतींवर पांढरे पाणी मारून जात आणि दारावर तारीख लिहीत. हिवताप हटला, ढेकूणही काही दिवस हटले, आणि त्या पांढऱ्या औषधाबद्दल सर्वांच्या मनात देवासारखी श्रद्धा बसली.

त्या श्रद्धेतूनच आमच्या घरी जे घडले ते सांगते. आमच्या वृंदावनातली तुळस आजीने गंगाखेडहून आणलेली होती. संत जनाबाईंचे गाव ते. गोदावरीच्या स्नानाला गेली असता तिने तेथून रोप ओल्या फडक्यात बांधून आणले होते, आणि त्या रोपाचे बी धरून दरवर्षी नवी तुळस लावीत असे. तिच्या लेखी ती सारी एकच तुळस होती. रोज तुळशीपुढे साखरेचा नैवेद्य असे, त्यामुळे वृंदावनाला मुंग्या लागत. मी दहा-अकरा वर्षांची असेन. फाल्गुनात मुंग्या फार झाल्या म्हणून आईने बाजारातून डी. डी. टी.च्या भुकटीचा डबा आणला. आजी तेव्हा लेकीकडे गेली होती. आईने भक्तिभावाने वृंदावनाच्या चारी बाजूंना आणि तुळशीच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत ती भुकटी पसरली. मुंग्या दुसऱ्या दिवशी गेल्या. आईला समाधान वाटले, म्हणून तिने आठ दिवसांनी पुन्हा टाकली, आणि ओसरीवरच्या मोगऱ्यालाही टाकली.

चैत्र संपता संपता तुळशीवर जाळे दिसू लागले. इतके जाळे पूर्वी कधी कोणी पाहिले नव्हते. फांद्यांना जणू मलमल गुंडाळली होती, आणि तिच्यावरून तांबडे कण सरकत होते. आईने आणखी भुकटी टाकली. अक्षय्य तृतीयेला आजी परत आली तेव्हा वृंदावनात काटक्या उभ्या होत्या. त्या वर्षी मंजिऱ्या धरल्याच नव्हत्या, त्यामुळे बीही मिळाले नाही. आजी आईला एक शब्दही बोलली नाही. तिने त्या काटक्या काढून नदीत सोडायला माझ्या काकांजवळ दिल्या आणि शेजारच्या वाड्यातून दुसरे रोप मागून आणले. पण आईच्या मनाने घेतले ते घेतलेच. नैवेद्याच्या जागी आपण विष टाकले म्हणून तुळस कोपली, असे तिला वाटे. त्यानंतर कितीतरी वर्षे तिने स्वतःच्या हाताने तुळस लावली नाही. माझ्या लग्नात तुळशीची पूजाही तिने काकूंकडून करविली.

आईला वाटत होते तसा तो कोप नव्हता. त्याच काळात जगाच्या अनेक भागांत हेच घडत होते. अमेरिकेच्या वनखात्याने १९५६ साली सुमारे ८ लाख ८५ हजार एकर जंगलावर विमानांतून डी. डी. टी. फवारले. झाडांचे शेंडे खाणारी एक अळी मारायची होती. पुढच्या उन्हाळ्यात मोंटाना आणि आयडाहो या प्रांतांत मैलोगणती झाडे तांबूस पडली. अळी नव्हे, कोळी माजला होता. ही हकीगत रेचेल कार्सन या शास्त्रज्ञ बाईंनी १९६२ साली आपल्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात सांगितली आणि तिचे कारणही सांगितले. कोळ्याला खाणारे चिमुकले ढालकिडे आणि त्याच्याच जातीतले पण त्याची शिकार करणारे दुसरे कोळी, हे या विषाने मरतात. लाल कोळी मात्र मरत नाही. उलट पूर्वी जो एका जागी गुण्यागोविंदाने राहत असे, तो विषाने बिथरून चहूकडे पांगतो, आणि त्याला अडवायला कोणी उरलेले नसते. महायुद्धापूर्वी कोळी हा किरकोळ उपद्रव होता. त्याला मोठा शत्रू केला तो औषधानेच.

हे मला कळले ते लग्न होऊन परभणीला आल्यावर. निजामाच्या अमदानीत १९१८ साली परभणीस शेतीचे मोठे प्रयोगक्षेत्र निघाले, १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय झाले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. माझे धाकटे दीर तेथे शिकत होते. एकदा आमच्या अंगणातल्या वांग्यांवर जाळे आले. मी मुंग्यांची भुकटी आणायला निघाले, तर भावजी म्हणाले, "वहिनी, ती टाकाल तर दसपट वाढेल." आणि त्यांनी मला पाटावर बसवून सारे समजावून सांगितले. ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे मानवतचे वृंदावन उभे राहिले.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आईला सांगितले. ती भाजी निवडत होती. मला वाटले, तिच्या डोळ्यांत पाणी येईल. ती नुसती थांबली आणि म्हणाली, "मग त्या डब्यावर हे का नाही लिहिलं?" थोड्या वेळाने उठून ती शेजारी गेली आणि तुळशीचे रोप घेऊन आली. आज माझ्या दारात जी तुळस आहे ती त्या रोपाच्या बियांची.

आईच्या त्या प्रश्नाचे उत्तर जगाला हळूहळू द्यावे लागले. कोळ्यासाठी म्हणून नवनवी जहरे निघाली. पॅराथिऑन नावाचे जालीम औषध आले, त्यालाही १९५० च्या सुमारासच अमेरिकेतल्या काचगृहांतले कोळी दाद देईनासे झाले. २०११ साली शास्त्रज्ञांनी या कोळ्याची सारी आनुवंशिक लिपी वाचून प्रसिद्ध केली, तेव्हा विषे पचविण्याची केवढी सामग्री या टिंबाएवढ्या जिवाजवळ आहे हे दिसून आले. भारतात शेतीसाठी डी. डी. टी. वापरण्यास १९८९ साली बंदी झाली. दरम्यान युरोपने वेगळी वाट धरली होती. १९५८ च्या सुमारास चिली देशातून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या रोपांबरोबर एक शिकारी कोळी चुकून आला. तो लाल कोळ्यावरच जगतो असे आढळले. पुढे हॉलंडचे काकडी पिकविणारे शेतकरी तो मुद्दाम पाळून काचगृहांत सोडू लागले. विषाने जे राखणदार मारले होते, ते आता पैसे देऊन विकत आणावे लागले.

आपल्याकडे मात्र दारातच एक राखणदार उभा होता, तो कडुनिंब. धान्याच्या कणगीत निंबाचा पाला घालणे, लोकरीच्या कपड्यांत ठेवणे, हे आपल्या आज्या-पणज्या करीतच होत्या. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली, तेव्हा सारी हिरवळ फस्त झाली तरी कडुनिंब तेवढे उभे राहिले, हे श्मुटरर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञांनी पाहिले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान, जोतवानी आणि राय यांनी १९६२ साली दाखवून दिले की निंबोळीच्या मगजाचे पाणी शिंपडलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये त्यातले मुख्य द्रव्य वेगळे काढण्यात आले.

मग या ठेव्यावर परकी मालकी सांगण्यात आली. निंबाच्या तेलाने झाडांवरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे एकस्व, म्हणजे पेटंट, युरोपच्या पेटंट कचेरीने १९९४ साली अमेरिकेचे शेतीखाते आणि तिकडची एक कंपनी यांना दिले. त्याविरुद्ध वंदना शिवा, बेल्जियमच्या माग्दा आल्व्हुत आणि सेंद्रिय शेतीची जागतिक संघटना यांनी दाद मागितली. त्या खटल्यात महाराष्ट्राचा पुरावा कामी आला. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर निंबतेलाचे असे प्रयोग आधीच झाले होते, अशी साक्ष पुण्याचे अभय फडके यांनी दिली. २००० साली ते पेटंट रद्द झाले आणि ८ मार्च २००५ रोजी अपीलही फेटाळले गेले. ८ मार्च हा जागतिक महिला दिन, हे आपल्या मंडळाला सांगायला नकोच.

आता चिटणीसबाईंनी मागितलेला उपाय क्रमवार सांगते.

पहिले, पाणी. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी सकाळी कुंडी आडवी धरावी आणि पानांच्या पाठीवर जोराने पाणी मारावे. मोठ्या पानांची झाडे ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसावीत. निम्मा कोळी याच कामाने जातो. धूळ जाते हा आणखी एक लाभ, कारण धुळीत कोळी फार वाढतो.

दुसरे, खुडणी. जाळे धरलेले शेंडे कात्रीने कापून पिशवीत घालून बांधावेत. अंगणात टाकू नयेत. आजारी कुंडी इतरांपासून दूर ठेवावी, आणि नवीन आणलेले रोपही पंधरा दिवस वेगळेच ठेवावे.

तिसरे, निंबोळीचे पाणी. एक लिटर पाण्यासाठी वाळलेल्या निंबोळ्या ५० ग्रॅम घेऊन भरड कुटाव्यात आणि थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात. सकाळी फडक्यात पिळून पाणी एक लिटर करावे आणि त्यात साबणाचा चुरा दोन ग्रॅम, म्हणजे चिमूट-दोन चिमूट, विरघळवावा. आपल्या बोअरचे पाणी जड असते, त्यात साबण फुटतो; म्हणून शक्य तर पावसाचे किंवा गाळून थंड केलेले उकळलेले पाणी घ्यावे. आधी एका पानावर टाकून दोन दिवस वाट पाहावी. पान करपले नाही तर ऊन उतरल्यावर पानांच्या पाठीवर फवारावे. हे पाणी शिळे करून ठेवू नये. अंड्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतराने निदान तीन वेळा फवारावे. एकदाच मारून "गुण आला नाही" असे म्हणणाऱ्या भगिनी पुष्कळ भेटतात. त्यांनी अंड्यांचा हिशेब धरलेला नसतो.

पूजेच्या तुळशीसाठी मी निंबोळीही टाळते. तीर्थात, नैवेद्यावर आणि खोकल्याच्या काढ्यात तिचे पान पोटात जाते. तिला पाणी आणि खुडणी एवढेच, आणि ती रोज. अगदीच नाइलाज झाला तर निंबोळी फवारावी, पण नंतर आठ-दहा दिवस पान तोंडात घालू नये आणि धुतल्याशिवाय वापरू नये. आजार्‍या तुळशीच्या जोडीला दुसरी निरोगी तुळस लांब ठेवलेली असली म्हणजे नित्याची अडचण होत नाही.

काही गोष्टी मुळीच करू नयेत. तंबाखूचे पाणी घरगुती असले तरी जहर आहे. ते लेकरांच्या हाती लागले तर अनर्थ होईल, आणि कोळ्यावर त्याचा भरवसाही नाही. झाडपाल्याचे आहे म्हणून निर्धोक आहे, असे समजू नये. गंधक हे कोळ्याचे जुने आणि खरे औषध, पण आपल्या वैशाखाच्या उन्हात त्याने पाने करपतात, आणि तेलाच्या फवाऱ्याला लागून ते कधीच वापरू नये. आणि झाडावर काळे बारके ढालकिडे दिसले तर त्यांना मारू नये. ते आपले काम करायला आलेले असतात.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. ज्येष्ठ-आषाढात आपल्या परभणीत रस्तोरस्ती निंबोळ्यांचा सडा पडतो आणि झाडणाऱ्या बायका तो कचऱ्यात लोटतात. एका रविवारी आपण सर्वजणी टोपल्या घेऊन निघालो तर वर्षभर पुरेल एवढी निंबोळी सहज जमेल. गर धुऊन, सावलीत वाळवून, कापडी पिशव्यांत भरून मंडळाच्या कपाटात ठेवावी, आणि ज्या घरी झाडाला जाळे लागेल त्या घरी पसाभर द्यावी. पिशवीवर कसे वापरावे आणि काय करू नये, हे ठळक अक्षरांत लिहून चिकटवावे. ते लिहिण्याचे काम मी करीन. आमच्या आईने विचारलेला प्रश्न माझ्या लक्षात आहे.